मी टाइप केलेला कागद

बालाघाट, २० ऑगस्ट २०२३

प्रिय अंजू,

पाच वर्षांत तुले पहिल्यांदा लिहून राह्यली. पत्ता गोदाबाई आत्याकडून घेतला. ती देतच नव्हती. म्हणे, "अंजूनं मले शपथ घातली आहे." दोन महिने मागं लागली तेव्हा तिनं नागपूरच्या त्या दवाखान्याचं नाव सांगितलं, जिथं तू आयाचं काम करतेस. आत्यावर रागावू नको. पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड.

बातमी अशी आहे की मी एलएल.बी. करून राह्यली. पहिलं वर्ष पास झाली, दुसऱ्याचे वर्ग सुरू झाले. छत्तीस वर्षांची बाई, डब्बा अन् चष्मा घेऊन कॉलेजले जाते. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरली तर पोरं उठून उभी राह्यली, त्यांले वाटलं नवीन मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा कुठं त्यांले समजलं. आता माझ्या बाजूले वल्लरी बसते, बावीस वर्षांची. तिले न्यायाधीश व्हायचं आहे. तिच्या मागं संघमित्रा, मलाजखंडची. तिचे वडील तांब्याच्या खाणीत आहेत, तिले त्याच कंपनीच्या कायदा विभागात जायचं आहे. मधल्या सुट्टीत दोघी भांडतात की कोणतं काम मोठं, अन् मले पंच करतात. मले तर रोज नवंच काम आवडते. सोमवारी सरकारी वकील व्हावंसं वाटते, बुधवारी नोटरी.

खेमराज काकांच्या दुकानातली टायपिंग सुटली नाही. कोर्टासमोर तीच टपरी, तीच खुर्ची. पंधरा वर्षं झाली, दुसऱ्यांचे अर्ज अन् शपथपत्रं टाइप करून राह्यली. 'उक्त भूमि', 'तत्पश्चात', 'बिना किसी दबाव के'. बोटांले सगळं पाठ. अर्थ आता कळून राह्यला. काल सरांनी हिंदीतून शिकवता शिकवता सांगितलं की 'बिना किसी दबाव के' हे कागदावर लिहिल्यानं खरं होत नाही, ते सिद्ध करावं लागते. मी वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

खुशी किती मोठी झाली? सात वर्षांची असेल. शाळेत मराठी आहे का तिले? आपल्याले इथं नव्हती, बाबांनी पाटीवर शिकवली म्हणून हे पत्र लिहिता येऊन राह्यलं.

जुनं आज काढत नाही.

तुझी ताई,
अनुसया


बालाघाट, २९ ऑक्टोबर २०२३

प्रिय अंजू,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललीही नव्हती.

आज जुनं काढते.

या महिन्यात आमच्या वर्गात वारसा हक्काचा कायदा शिकवणं सुरू झालं. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीले मुलाएवढाच हिस्सा. लग्न झालेली असो, नसो. हे मले आधीही माहीत होतं, पण पुस्तकात कलमासकट वाचताना वेगळंच वाटते. सरांनी विचारलं, "तुमच्या घरात कोणत्या बहिणीनं हिस्सा घेतला? हात वर करा." चाळीस जणांत दोन हात वर झाले. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या बहिणीनं सोडला?" अर्धा वर्ग. मी कोणत्याच वेळी हात वर केला नाही. वल्लरी म्हणाली, "दीदी, तुमचं काय?" मी म्हटलं, माझं वेगळं आहे.

वेगळं काहीच नाही. मार्च दोन हजार पंधरा. बाबाले जाऊन वर्ष होत आलतं. तू वीस वर्षांची, लग्न ठरलेलं. गजेंद्र दादा लालबर्ऱ्याहून तुले मोटरसायकलवर घेऊन आलता. कागद मी टाइप केला. खेमराज काका त्या दिवशी नव्हते, मी दुकानात एकटी होती. तू विचारलंस, "ताई, यात काय लिवलं आहे?" अन् मी म्हटलं, "काही नाही, बाबाचं नाव काढून दादाचं चढवायचं आहे. सही कर."

अंजू, हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. त्यात काय होतं ते मले माहीत होतं. एकेक अक्षर मीच टाइप केलतं. त्यात होतं की तू वडिलांच्या सगळ्या जमिनीवरचा अन् घरावरचा हक्क राजीखुशीनं कायमचा सोडून देऊन राह्यली. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे.

तीन वर्षांनी तू खुशीले कडेवर घेऊन सासर सोडून कायमची परत आलीस. तू हिस्सा मागितलास तर दादा म्हणाला, "तू तर लिहून देल्लं आहे." तेव्हा तू माझ्याकडं पाहिलंस. मी खाली पाहून भाजी निवडत बसली. आठव्या दिवशी तू गेलीस. तू काहून बोलत नाहीस हे मी लोकांले विचारत असते, जसं काही मले माहीतच नाही.

पुढचं लिहवत नाही.

अनुसया


बालाघाट, १७ डिसेंबर २०२३

अंजू, अंजू, अंजू,

बसून वाच. मी उभ्यानंच लिहून राह्यली, टपरीच्या फळीवर वही ठेवून.

पंधरा दिवसांमागं मी तहसीलमध्ये त्या कागदाची नक्कल मागितली. बाबूनं आठ दिवस फिरवलं, मग दिली. मी ती घेऊन गुणाकर वकील साहेबांकडं गेली. साहेब म्हणजे कोर्टात चाळीस वर्षं काढलेले, शांत माणूस. मी पहिल्या वर्षापासून शनिवारी त्यांच्याकडं काम शिकायले जाते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सुलटा केला. मग म्हणाले, "अनुसयाबाई, याची रजिस्ट्री कुठे आहे?"

मी म्हटलं, "साहेब, नोटरीचा शिक्का आहे ना."

"शिक्का दिसतोय मला. रजिस्ट्री विचारतोय."

रजिस्ट्री नाही, अंजू. तेव्हा दादाले घाई होती. नोटरी केला अन् सरळ तहसीलमध्ये देऊन नाव चढवून घेतलं. रजिस्ट्री होते त्या पंजीयकाच्या कार्यालयात कोणी गेलंच नाही. काल मी स्वतः तिथं जाऊन शोध घेतला, त्या वर्षाच्या नोंदी काढायले लावल्या. आपला कागद कुठंच नाही. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर रजिस्ट्री लागते, हे आम्ही गेल्याच महिन्यात शिकलो. माझ्या वहीत आहे. तहसीलमध्ये नाव चढल्यानं कोणी मालक होत नाही, तेही आहे.

तुझा हिस्सा कुठंच गेला नाही. नऊ वर्षं तो तिथंच आहे.

मी साहेबांच्या ऑफिसातून निघाली अन् चालतच राह्यली, घर मागं गेलं तरी समजलं नाही. वैनगंगेच्या पुलापर्यंत पोहोचली होती. तिथं एक बाई शिंगाडे विकत होती, तिनं विचारलं, "का हो बाई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, हौ.

साहेब मात्र एवढे खूश नाहीत. त्यांचं म्हणणं, दादाचा वकील सांगेल की हा घरच्या घरी झालेला समझोता होता, बहिणीनं समजून-उमजून मान्य केला. तेव्हा सही करताना तुले काय सांगितलं गेलं, यावर बरंच काही उभं आहे. मी म्हटलं, ठीक आहे, ते पुढं पाहू. मी तर ठरवूनच टाकलं आहे. दीड वर्षात पास होते, जबलपूरले वकील म्हणून नाव नोंदवते अन् पहिला खटला तुझा लढते. न्यायाधीश नाही, कंपनी नाही, नोटरीही नाही. वादी अंजू, तर्फे वकील अनुसया. मी ते टाइप करून पाहिलं. लई छान दिसते.

तुझी ताई


बालाघाट, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय अंजू,

दीड वर्ष थांबता येत नाही. दादा नहराकडची बांधी विकून राह्यला, कालव्याच्या पाण्यावरचं आपलं धानाचं वावर. घेणारा लालबर्ऱ्याचा राईस मिलवाला आहे, त्याले तिथं गोदाम बांधायचं आहे. बयाना झाला नाही अजून, पण मोजणी झाली. मले आत्यानं सांगितलं.

मी गावाले गेली. दादा आंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की अंजूचा हिस्सा आहे, विकू नको. त्यानं पंप बाजूले ठेवला. ओरडला नाही. म्हणाला, "बाबा सात महिने खाटेवर होता. मी उचललं, मी धुतलं. तुम्ही दोघी पाहुण्यासारख्या येत होत्या. तवा तुह्या कायद्यात कोणती धारा होती?"

खरं तेच आहे. मी म्हटलं, "दादा, हे मी कोर्टातही सांगीन. पण कागदाचंही सांगीन."

"मंग तुह्यं घर कुठून आलं तेही सांगजो."

हेच मी तुझ्यापासून लपवून ठेवलं, अंजू. मागच्या पत्रातही लिहिलं नाही. तुले वाटत असेल की दादाच्या भीतीनं मी गप्प बसली. तसं नाही. बालाघाटची ही दोन खोल्यांची जागा बाबाची होती. दादा म्हणालता, "तू लग्न करत नाहीस, तुले राहाले जागा पाहिजे. तू अंजूची सही आण, जागा तुह्या नावानं करून देतो." मी आणली. ज्या छताखाली बसून हे लिहून राह्यली ते त्या सहीचं आहे. त्याची रजिस्ट्री मात्र आम्ही व्यवस्थित केली, याची मले आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

साहेबांले सगळं सांगितलं. त्यांनी कागदाखालची सही परत पाहिली. मग म्हणाले, "दावा अंजूनंच लावायला हवा. त्यांना बोलवा. आणि तुमच्या डोक्यातलं ते काढा. तुम्ही त्यांच्या वकील होऊ शकत नाही."

"काहून? पास झाल्यावर तर होता येते."

"झालात तरी नाही. या कागदावर साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे? ज्या खटल्यात तुम्हाला साक्ष द्यायची आहे, त्यात काळा कोट घालून उभं राहता येत नाही. दोन्हीपैकी एक."

एक दिवस मी नाराज राह्यली. वर्गातही गेली नाही. मग विचार केला, वकील तुले दुसरा मिळेल, चांगला मिळेल. त्या दिवशी दुकानात मी, तू अन् दादा, तिघंच होतो. तुझ्यासाठी बोलणारं दुसरं कोण आहे? तेव्हापासून मन हलकं आहे. पेपर चालू आहेत, अभ्यास असा होऊन राह्यला की विचारू नको.

ये. माझ्यासाठी नको येऊ. बांधीसाठी ये. गोंदियाहून सकाळची गाडी आहे. आत्याकडं उतर, माझ्याकडं नको वाटत असेल तर.

अनुसया


बालाघाट, ५ मे २०२४

प्रिय अंजू,

तू आलीस. मले अजून खरं वाटत नाही.

तू माझ्याशी बोलली नाहीस ते ठीकच आहे. साहेबांनी वकालतनामा पुढं केला तेव्हा तू तो हातात घेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलास. मधे दोन हिंदी शब्द अडले ते साहेबांले विचारलेस, माझ्याकडं पाहिलं नाहीस. साहेबांचा मुंशी घड्याळ पाहून राह्यला होता. मी मनात म्हटलं, वाच अंजू, पाहिजे तेवढा वेळ घे.

खुशी अगदी आपल्या वारलेल्या आईवर गेली आहे. माझी वही उलटून पाहत होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही पण होमवर्क करता?" तू तिले ओढून नेलंस, पण तिनं 'मावशी' म्हटलं, ते माझ्याकडं आहे.

तू गेल्यावरचं सांगते. काल स्थगनाच्या, म्हणजे विक्री थांबवायच्या अर्जावर सुनावणी झाली. दादाच्या वकिलानं माझं शपथपत्र हातात नाचवलं. म्हणाला, "ही बाई स्वतः सांगते की तिनं बहिणीला फसवलं. अशा बाईवर न्यायालयानं विश्वास ठेवायचा?" साहेब उठले, म्हणाले, "महोदय, या बाईचं राहतं घर या शपथपत्रामुळे वाटणीत येतं. स्वतःचं घर घालवून कोणी खोटं बोलतं का?" न्यायाधीश मॅडमनी शपथपत्र परत वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी मागच्या भिंतीजवळ उभी होती, अन् खरं सांगू, एवढं जिवंत मले कधीच वाटलं नव्हतं.

आदेश झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधी विकायची नाही. राईस मिलवाला त्याच दिवशी मागं हटला.

बाहेर आल्यावर दादा माझ्याजवळून गेला. थांबला. म्हणाला, "बाबाच्या सात महिन्याचं लिवलंस तू त्याच्यात."

मी म्हटलं, "म्हटलं होतं ना, सांगीन."

तो पुढं निघाला. पानठेल्याजवळ बराच वेळ एकटा उभा होता.

आदेशाची नक्कल सोबत जोडली आहे. सांभाळून ठेव.

ताई


बालाघाट, १२ जानेवारी २०२५

प्रिय अंजू,

लोक अदालतीत वाटणीच्या समझोत्यावर तू सही करून गेलीस त्याचा हुकूम आता हातात आला. सगळं लिहिल्याप्रमाणं आहे. मी तीनदा वाचला, साहेबांनी एकदा. नहराकडची बांधी तुझी. गावचं घर अन् रस्त्याकडची जमीन दादाची. बालाघाटची जागा अर्धी-अर्धी, एक खोली तुझी, एक माझी. सांडपाण्याच्या नळासकट लिहिलं आहे.

आपण दोघी बाहेर बाकावर होतो तेव्हा आत दादानं काय केलं ते तुले माहीत नाही, साहेबांनी मले मागून सांगितलं. मध्यस्थानं त्याले विचारलं, कोणती जमीन सोडता? त्याच्या वकिलानं टेकडीकडचा तुकडा दाखवला. दादा म्हणाला, "तो दगडाचा आहे. तिले पाण्याची द्या. तिच्या घरी माणूस नाही." वकील पाहतच राह्यला. मी दादाले भली-बुरी सगळी विशेषणं लावून झाली आहे या दहा वर्षांत. हे वाक्य त्यांत कुठं बसवू ते समजत नाही.

येत्या पावसाळ्यात धान कोण लावणार, अर्ध्या पिकावर अधियानं द्यायची का, ते तू ठरव. दादा म्हणे, नांगरणी मी करून देईन, अंजूनं विचारलं तर.

मी तिसऱ्या वर्षात आहे. आता कोणत्या कामात जायचं ते खरोखर ठरवावं लागेल. संघमित्रा कंपनीची परीक्षा देऊन राह्यली. वल्लरी म्हणते, "दीदी, एडीपीओची परीक्षा द्या, सरकारी वकील व्हा, पेन्शन आहे." डोकं म्हणते द्यावी. पण दुकानात कोणी बाई सही करायले आली की माझा टाइप थांबतो. मी तिले विचारते, वाचलं का? खेमराज काका म्हणतात, "अनुसया, असं विचारत राह्यलीस तर गिऱ्हाईक पळून जाईल." खरंच दोन पळाले.

अनुसया


बालाघाट, २७ जुलै २०२५

अंजू,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या पायऱ्यांवर होती. तू म्हणालीस, "निकाल लागला का तुहा?" एवढंच. सात वर्षांनी तुझा आवाज माझ्यासाठी निघाला अन् माझाच निघाला नाही. तू दोन वेळा "हॅलो" म्हणालीस. मी ऐकत राह्यली, मग फोन ठेवून दिला. माणसं पाहून राह्यली होती. वकील होणारी बाई पायऱ्यांवर बसून पदर तोंडाले लावून रडते, बरं नाही दिसत.

म्हणून लिहून राह्यली, लिहिताना मले बोलता येते.

निकाल लागला. पहिल्या श्रेणीत. पुढच्या महिन्यात जबलपूरले नाव नोंदवायले जाते. न्यायाधीशाचं राहू दिलं. आता आधी तीन वर्षं वकिली लागते, तोवर माझं वय निघून जाईल. वल्लरी होईल, तिच्यासमोर उभी राहीन. सरकारी वकिलाचा फॉर्म भरला होता, पण परीक्षेले बसत नाही. गुणाकर साहेबांकडं काम करीन, अन् मंगळवार-शुक्रवार विधिक सेवा केंद्रात बसीन. तिथं ज्यांच्याजवळ वकील नाही ते येतात. परवा सहज जाऊन बसली होती तर कटंगीकडची एक आजी आली. हातात कोरा स्टँप पेपर, पोरानं पाठवलेली. म्हणाली, "माय, आंगठा कुठी लावू?" मी म्हटलं, "आजी, आधी बसा. यावर काय लिहिणार आहेत ते विचारू." दीड तास लागला. ती आंगठा न लावता घरी गेली. येताना माझी पावलं जमिनीवर नव्हती. एवढ्या आनंदाचं काम मले मिळेल असं वाटलं नव्हतं.

तू मले माफ केलंस का, ते विचारत नाही. तू काल निकाल विचारलास, तेवढ्याचं उत्तर देते.

हौ, अंजू. पास झाली.

आता परत फोन कर. या वेळी बोलते.

तुझी ताई